सहानुभूती नको, केसपेपर बदलून द्या: नाशिक महापालिकेकडून एलजीबीटीआयक्यू पोरापोरींसाठी काय आणि कसं मागायचं

दर दोन-चार महिन्यांनी कुणाचा तरी फोन येतो, ताई आम्हाला महापालिकेकडून एलजीबीटीआयक्यू मुलांसाठी काहीतरी करून घ्यायचंय, निवेदन कुणाला द्यायचं? मी विचारते निवेदनात लिहिलंय काय, तर बहुतेक वेळा एकच ओळ असते, "या घटकाकडे सहानुभूतीपूर्वक लक्ष द्यावे ही नम्र विनंती." आता सहानुभूती कुठल्या टेबलावर मंजूर होते ते मला इतक्या वर्षांत सापडलेलं नाही. मंजूर होतं ते म्हणजे फॉर्मवरचा एक रकाना, एका खोलीची किल्ली, निविदेतली एक अट, अंदाजपत्रकातली एक ओळ. एवढंच मागायचं असतं आणि ते कसं मागायचं हे इथे लिहिते.

हे नवीन लोकांसाठी आहे. म्हणजे पहिल्यांदा निवडून आलेले नगरसेवक (मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं प्रशासक होता, जानेवारी २०२६ ला निवडणूक झाली, त्यामुळे कुणाला तरी बोलता येईल असं सभागृह आता परत आहे), कॉलेजची पोरं, आणि आपल्या मुलाबद्दल नुकतंच कळलंय अशा आया. हो, आयाच जास्त येतात, बाप नंतर येतात, पण येतात.

आधी शब्द, पटकन

गे, लेस्बियन, बायसेक्शुअल म्हणजे कुणाबद्दल आकर्षण वाटतं त्याची गोष्ट. ट्रान्स म्हणजे स्वतः कोण आहे याची गोष्ट. इंटरसेक्स म्हणजे जन्मतः शरीराची रचना ठरलेल्या दोन साच्यांत न बसणारी. क्वीअर हा सगळ्यांना पोटात घेणारा शब्द. तृतीयपंथी हा सरकारी कागदावरचा शब्द, आणि इथेच पहिली गोची होते. अधिकाऱ्याला एलजीबीटी म्हटलं की त्याच्या डोळ्यासमोर सिग्नलवरचे तृतीयपंथीच येतात, आणि सिडकोतला सतरा वर्षांचा गे मुलगा किंवा पंचवटीतली लेस्बियन मुलगी त्याच्या हिशोबातच नसते. त्यामुळे अर्जात कुणासाठी मागताय ते प्रत्येक मागणीपुढे लिहा. "आमच्याकडे असे कितीसे आहेत?" हा प्रश्न येणारच. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात 'इतर' या रकान्यात ४०,८९१ माणसं नोंदली गेली, पण त्या रकान्यात गे, लेस्बियन कुणी मोजलेलंच नाही, आणि घरच्यांसमोर जनगणनेच्या बाईंना कोण सांगणार होतं म्हणा.

पहिली पायरी: काम कुणाचं ते ओळखा

निम्मे अर्ज चुकीच्या दारात जातात. सिव्हिल हॉस्पिटल महापालिकेचं नाही, ते राज्य सरकारचं. नाशिकरोडचं बिटको आणि कथड्यातलं झाकिर हुसेन महापालिकेचं. ट्रान्स व्यक्तीचं ओळखपत्र २०१९ च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळतं, अर्ज नॅशनल पोर्टलवरून ऑनलाईन करायचा (पोर्टल नोव्हेंबर २०२० पासून आहे, अर्जाच्या दिवशी तिथे जे नियम दिसतात ते वाचूनच भरा, मैत्रिणीने सांगितलेले जुने नको). समाजकल्याणचं ऑफिस नासर्डी पुलाजवळ सामाजिक न्याय भवनात, तेही राज्याचं. पोलीस तर आणखीनच वेगळे. लग्नाची नोंदणी मागायला जाऊ नका, सुप्रीम कोर्टाने १७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, त्यात महापालिकेच्या हातात काही नाही.

मग महापालिकेच्या हातात आहे काय? दवाखाने, शाळा, बस, शौचालयं, बेघर निवारे, अभ्यासिका, उद्यानं, जन्मदाखला, आणि हजारोंनी कंत्राटी माणसं. म्हणजे एखादं पोर घराबाहेर पाऊल टाकल्यापासून घरी परत येईपर्यंत ज्या ज्या गोष्टींना हात लावतं त्यातल्या अर्ध्या. आणखी काय पाहिजे!

जन्मदाखल्याचं मुद्दाम सांगते कारण हे कुणाला माहीतच नसतं. ओळखपत्र मिळालेल्या ट्रान्स व्यक्तीला जन्मदाखल्यावरचं आपलं पहिलं नाव बदलून घेण्याचा हक्क २०१९ च्या कायद्याच्या कलम ७ मध्ये दिलाय. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीवर बसलेल्या क्लार्कला हे ठाऊक असेलच असं नाही, तो "कोर्टाची ऑर्डर आणा" म्हणतो आणि माणूस परत जातो. इथे मागणी काय करायची तर वैद्यकीय विभागाने सहाही विभागीय कार्यालयांना एक पानाचं परिपत्रक काढावं, कलमाचा नंबर टाकून. एक पान. यात खर्च शून्य आहे.

दुसरी पायरी: कुठल्याही पोराचं नाव कागदावर येऊ देऊ नका

हे मी लाल अक्षरात लिहिलं असतं. तुमचा अर्ज आवकला (आलेल्या पत्रांच्या नोंदीला) लागला की तो दहा-बारा टेबलं फिरतो, त्यावर शेरे पडतात, महापालिकेच्या मुख्यालयात, राजीव गांधी भवनात पत्रकार रोज फिरतात, उद्या कुणी माहिती अधिकारात ती फाईल मागू शकतं. "आमच्या प्रभागातील कुमार अमुक अमुक याला शाळेत त्रास होत आहे" असं लिहिलंत तर त्या मुलाचं घरी, गल्लीत, चुलत्याच्या दुकानात सगळीकडे एका दिवसात माहीत होतं, आणि ते परत घेता येत नाही. उदाहरण द्यायचं असेल तर वय, शाळा, एरिया सगळं काढून टाका. फोटो तर नकोच, पाठमोरा सुद्धा नको. पाठमोरं पोर त्याच्या आईला बरोबर ओळखू येतं.

सह्यांची मोहीम काढायची असेल तर मोठ्यांच्या सह्या घ्या, पालकांच्या, प्राध्यापकांच्या, डॉक्टरांच्या. अठराच्या आतल्यांच्या नको.

तिसरी पायरी: दवाखान्यापासून सुरुवात करा

का, तर तिथे सगळ्यात लवकर हलतं.

एका दवाखान्यात, कुठल्या ते राहू द्या, मी एकदा विशीतल्या एका ट्रान्स मुलीबरोबर गेले होते. तीन दिवस ताप, डेंग्यूचा सीझन. आधारवर जुनं नाव. काउंटरवरच्या माणसाने आधी तिच्या ओढणीकडे बघितलं, मग आधारकडे, मग परत ओढणीकडे, आणि मग खणखणीत आवाजात पूर्ण नाव वाचलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. ती काही बोलली नाही, माझ्या हातातून आधार घेतलं आणि तशीच तापात रिक्षात बसून घरी गेली, पुढे रक्त तपासायला खासगी लॅबमध्ये पैसे घातले. आता गंमत बघा, त्या माणसाने शिवी दिली नाही, तो हसला पण नाही, त्याच्यापुढे केसपेपरवर 'स्त्री / पुरुष' असे दोन चौकोन होते आणि त्याला एकावर टिक करायची होती. मी नंतर त्याच्यावर खूप चिडले होते पण दोष त्या छापील कागदाचा जास्त होता असं आता वाटतं.

तर मागणी अशी करायची: केसपेपरवर तिसरा चौकोन, त्याखाली "हाक मारायचं नाव" असा एक रिकामा रकाना, आणि बाहेर नाव पुकारण्याऐवजी टोकन नंबर. केसपेपर दरवर्षी छापले जातातच, पुढच्या छपाईच्या वेळी मजकूर बदलायचा, जास्तीचा पैसा लागत नाही हे अर्जात स्पष्ट लिहा. टोकन नंबरचा फायदा गुप्तरोगाच्या पेशंटला, टीबीच्या पेशंटला, नवऱ्याने मारलेल्या बाईला, सगळ्यांनाच होतो, आणि हे वाक्य साहेबांना फार पटतं.

पुढचं समुपदेशक. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे, १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी, महाराष्ट्रात त्याच्या क्लिनिकला मैत्री क्लिनिक म्हणतात. तुमच्या जवळच्या शहरी आरोग्य केंद्रात असं क्लिनिक आहे का, असेल तर कुठल्या वारी उघडं असतं आणि दुपारी चारनंतर असतं का ते विचारा, कारण शाळेतलं पोर सकाळी अकराला येणारच नाही. आणि समुपदेशकाला तीन गोष्टी नीट शिकवायला हव्यात.

एक, हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढली. मेंटल हेल्थकेअर अ‍ॅक्ट २०१७ मध्ये लैंगिक कल पाहून उपचारात भेदभाव करायचा नाही असं लिहिलंय. तरीही "बरं करून देतो" म्हणणारे डॉक्टर आहेत. नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये राज्यांच्या मेडिकल कौन्सिलना कळवलंय की अशी कन्व्हर्जन थेरपी हे व्यावसायिक गैरवर्तन आहे, म्हणजे तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे करता येते. आणि डॉक्टरऐवजी बाबा असेल, अंगातलं बाहेर काढतो म्हणून मारत असेल, बांधून ठेवत असेल, तर आपल्याकडे २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे की, तो काय फक्त लिंबू-मिरचीसाठी केलेला नाही.

दोन, गुप्तता. आईने काउंटरवर विचारलं "माझा मुलगा काय बोलला" तर काय उत्तर द्यायचं हे आधी ठरलेलं हवं.

तीन, पॉक्सो. अठराच्या आतल्या मुलाने शरीरसंबंधाबद्दल काही सांगितलं तर मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरोधातल्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, समुपदेशकाला सुटका नाही. म्हणून बोलणं सुरू होण्याआधीच मुलाला सांगायचं की काय माझ्याकडे राहील आणि काय मला कळवावंच लागेल. पोरं हे ऐकून उठून जात नाहीत, उलट विश्वास बसतो, मी बघितलंय. रात्री-अपरात्रीसाठी टेलि-मानसचा १४४१६ नंबर, मराठीत बोलता येतं, २४ तास. हा नंबर केसपेपरच्या मागच्या बाजूला छापून घ्या, ती बाजू कोरीच असते.

इंटरसेक्स बाळांबद्दल थोडंसं. महापालिकेच्या प्रसूतिगृहात असं बाळ जन्मलं की घरचे घाबरतात आणि ऑपरेशन करून "एक काय ते ठरवून टाका" म्हणतात. मद्रास हायकोर्टाने एप्रिल २०१९ मध्ये हे चुकीचं म्हटलं आणि त्यानंतर तमिळनाडू सरकारने, जिवाला धोका असेल तेवढं सोडून, अशा ऑपरेशनवर बंदी आणली. आपल्याकडे तोच आदेश लागू नाही, पण दवाखान्याने घाई न करण्याचा आणि आई-वडिलांना आधी समुपदेशन देण्याचा नियम स्वतःपुरता करायला कुणाची ना आहे?

चौथी पायरी: शाळा

महापालिकेच्या शाळा बहुतेक प्राथमिकच, माध्यमिक थोड्या, त्यामुळे अकरावी-बारावी आणि कॉलेज तुमच्या हातात येत नाही. (कॉलेजसाठी वेगळा रस्ता आहे, यूजीसीने २०१६ मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कल आणि ट्रान्स असण्यावरून दिलेला त्रास पण घातलाय, त्यामुळे कॉलेजच्या अँटी रॅगिंग कमिटीला तक्रार घ्यावीच लागते.) पण पाचवी ते आठवी हाच तर काळ असतो जेव्हा "बायल्या" हा शब्द पहिल्यांदा कानावर पडतो, आणि बऱ्याचदा तो वर्गातल्या पोरांच्या आधी पीटीच्या सरांच्या तोंडून पडतो. सरांना वाटतं आपण पोराला कणखर करतोय.

नवीन समिती मागू नका, शाळांमध्ये समित्यांचा आधीच पूर आलाय. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती असायला हवी, तक्रारपेटी पण असायला हवी. मागणी एवढीच की त्या समितीच्या कामात "मुलाच्या वागण्या-बोलण्यावरून, चालण्यावरून चिडवणं" हे शब्द लिहून घाला. मुलगा गे आहे की नाही हे त्याला स्वतःला तेव्हा माहीत नसतं, आपण ठरवायचं पण नाही, चिडवणं थांबवायला ते माहीत असायची गरज नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी वेगळी कार्यशाळा मागितली की बजेट नाही म्हणतात, त्यापेक्षा केंद्राची (म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची) शिक्षण परिषद असते त्यातला एक तास मागा. एनसीईआरटीने २०२१ मध्ये ट्रान्स मुलांना शाळेत कसं सामावून घ्यायचं यावर शिक्षकांसाठी चांगलं साहित्य काढलं होतं, ओरड झाली आणि काही दिवसांत वेबसाईटवरून काढलं. म्हणून कागदावर मोठे मोठे शब्द घालून ओरड ओढवून घेऊ नका. "चिडवणं" म्हणा, "सुरक्षितता" म्हणा.

आणि शौचालय. मी एका मुलाला ओळखते, आता तो मोठा झालाय, तो सातवी-आठवीत सकाळपासून पाणीच प्यायचा नाही कारण मुलांच्या शौचालयात त्याची चड्डी ओढायचे. दोन वर्षं. उन्हाळ्यात पण. आई म्हणायची याला तहान कशी लागत नाही. उपाय काय, तर शाळेत दिव्यांग शौचालय असतं, त्याला बहुतेक वेळा कुलूप असतं आणि आत झाडू-बादल्या ठेवलेल्या असतात. ते कुलूप काढा, आतली कडी नीट करा, कुणालाही जाऊ द्या. शिपायाला सांगायचं काम आहे हे, महासभेत न्यायचं नाही.

पाचवी पायरी: रात्र

हे सगळ्यात अवघड, आणि इथेच बहुतेक लोक थकतात.

घरी कळलं, बापाने बाहेर काढलं, रात्रीचे साडेदहा. पोर कुठे जातं? सीबीएस नाहीतर ठक्कर बाजारच्या बसस्टँडला, नाशिकरोड स्टेशनला. तिथे त्याला विचारणारा पहिला माणूस चांगला असेलच असं नाही. ट्रान्स व्यक्तीला घर सोडायला भाग पाडणं हा २०१९ च्या कायद्याच्या कलम १८ नुसार गुन्हा आहे, सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा, पण रात्री साडेदहाला कायद्याचं पुस्तक उशाला घेऊन झोपता येत नाही.

वयाचे दोन कप्पे करा. अठराच्या आत असेल तर १०९८ ही मुलांची हेल्पलाईन, तिथून बालकल्याण समिती. तुम्ही कितीही चांगले असलात तरी परक्याच्या अल्पवयीन मुलाला दोन-चार दिवस गुपचूप स्वतःच्या घरात ठेवू नका, उद्या तुमच्यावरच पळवून नेल्याची केस होते. अठरा पूर्ण असेल तर तो सज्ञान आहे, त्याला जिथे राहायचंय तिथे राहू शकतो. घरचे पोलिसात मिसिंग देतात तेव्हा त्याने स्वतः जाऊन जबाब द्यावा, वकील किंवा कुणीतरी मोठं बरोबर असावं. मद्रास हायकोर्टाने जून २०२१ मध्ये दोन मुलींच्या प्रकरणात सांगितलं होतं की सज्ञान माणसं स्वतःच्या मर्जीने आलीत असं दिसलं की पोलिसांनी जबाब घेऊन त्रास न देता तक्रार बंद करावी. आदेश तिकडचा आहे, पण प्रिंट काढून बरोबर ठेवायला हरकत नाही.

आता महापालिका. दीनदयाळ अंत्योदय योजनेत शहरी बेघरांसाठी निवारे होते, मापदंड असा की एक लाख लोकसंख्येमागे १०० जणांची सोय असलेला कायमचा निवारा. नाशिकची लोकसंख्या २०११ ला १४ लाख ८६ हजार. करा गणित, साधारण दीड हजार जणांची जागा हवी. प्रत्यक्षात किती आहे ते माहिती अधिकारात विचारा, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. विचारायचे प्रश्न: निवारे किती, खाटा किती, स्त्री-पुरुष सोडून तिसऱ्या कुणाची सोय आहे का, काळजीवाहक कोणत्या संस्थेचा, रात्री दहानंतर आलेल्याला आत घेतात का.

उत्तर आलं की मागणी ठेवा: एका निवाऱ्यात, फक्त एका, चार खाटांची कडी लागणारी खोली, अठरा ते पंचवीस वयासाठी. त्याला पाटी लावू नका. "एलजीबीटी निवारा" अशी पाटी लागली की तिथे कुणी येणार नाही आणि शेजारच्या गल्लीतून मोर्चा येईल. "युवा कक्ष" पुरे. २०२७ च्या सिंहस्थासाठी सध्या शहरात खोदकाम, बांधकाम, निविदा सगळं जोरात आहे, तात्पुरती शौचालयं आणि मुक्कामाची ठिकाणं उभी राहतायत, किन्नर आखाडा २०१५ पासून आहे, त्यामुळे तृतीयपंथी भाविक येणार हे प्रशासनाला समजावून सांगावं लागत नाही. या गर्दीत तुमची खोली सरकवायची असेल तर हीच वेळ. कुंभ संपल्यावर पैसा संपतो.

सहावी पायरी: परिपत्रक नको, निविदेतली अट हवी

हे मी उशिरा शिकले. सिटीलिंकचा, म्हणजे शहर बसचा कंडक्टर, दवाखान्यातला सिक्युरिटी, उद्यानातला वॉचमन, सार्वजनिक शौचालयाच्या दारात बसलेला माणूस, यातले बहुतेक महापालिकेचे नोकर नाहीत, ठेकेदाराचे आहेत. आयुक्तांनी कितीही सुंदर परिपत्रक काढलं तरी ते त्यांच्यापर्यंत पोचत नाही. शौचालयाच्या दारातून एखाद्या मुलीला "तू इकडे नको, तिकडे जा" म्हणून हाकललं तर तक्रार कुणाकडे? महापालिका म्हणते ठेकेदार, ठेकेदार म्हणतो तो पोरगा सोडून गेला.

म्हणून नवीन निविदा निघायच्या आधी, नंतर नाही, आधी, संबंधित विभागाला पत्र द्या की अटी-शर्तींमध्ये दोन ओळी घाला: कर्मचाऱ्यांना वर्षातून एकदा वर्तणुकीचं प्रशिक्षण, आणि भेदभावाची तक्रार सिद्ध झाली तर दंड. दंडाची रक्कम लिहायला लावा. रक्कम लिहिल्याशिवाय ठेकेदार ती ओळ वाचत पण नाही.

सातवी: बसायला जागा

छोटी गोष्ट, पण मला स्वतःला सगळ्यात महत्त्वाची वाटते. प्रभागातल्या अभ्यासिकेत रात्री बंद होईपर्यंत बसणारी काही पोरं अभ्यासासाठी बसलेली नसतात. घरी बाप दारू पितो म्हणून बसतात, भाऊ मारतो म्हणून बसतात, आणि घरी गेल्यावर "चालतोस कसा, बोलतोस कसा" सुरू होतं म्हणून बसतात. अभ्यासिकेचा माणूस नऊला दिवे बंद करायला लागला की ती सगळ्यात शेवटी सॅक भरतात, हळूहळू, एकेक पेन. अभ्यासिका एक तास जास्त उघडी ठेवा. बस. त्यात एलजीबीटीचं नावसुद्धा घेऊ नका.

नोकरी, आणि तिथल्या दोन चुका

तृतीयपंथींना नोकरी द्या ही मागणी लोकप्रिय आहे, पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये सुरक्षारक्षक आणि ग्रीन मार्शल म्हणून घेतलं, त्याचा दाखला नाशकात चालतो कारण दुसऱ्या महापालिकेचं नाव काढलं की साहेब कान टवकारतात. पण पाटणा महापालिकेने २००६ मध्ये थकबाकीदारांच्या दारात नाचून-गाऊन टॅक्स वसूल करायला हिजड्यांना लावलं होतं, तसलं काही कुणी सुचवलं तर तिथेच नाही म्हणा. ज्या टाळ्यांनी लोक त्यांना घाबरतात त्याच टाळ्या सरकारी पगारावर वाजवायला लावणं याला रोजगार म्हणायचं का.

दुसरी चूक कोचीची. २०१७ मध्ये कोची मेट्रोने २३ ट्रान्स माणसांना कामावर घेतलं, देशभर कौतुक झालं, आणि काही दिवसांत त्यातल्या काहींनी काम सोडलं कारण भाड्याने घरच कुणी देईना, लॉजचं भाडं पगारात परवडेना. म्हणून नोकरी मागताना राहायचं काय ते त्याच अर्जात लिहा.

आणि तरुणांसाठी नोकरीच्या आधी शिक्षण. ब्राझीलमधल्या साओ पावलो शहराच्या महापालिकेने २०१५ पासून एक योजना चालवलीय, शाळा सुटलेल्या ट्रान्स माणसांना दरमहा पैसे देतात, अट एकच, शाळा पूर्ण करायची. आपल्याकडे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ गंगापूर धरणाच्या वाटेवरच आहे. महापालिकेने फी आणि प्रवासखर्च दिला तर दहा-बारा जणांपासून सुरुवात करता येईल, आणि दहा-बारा जणांचा खर्च एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणापेक्षा नक्कीच कमी असतो, चौक कुठला ते तुम्ही मनात आणा.

पैसे

महिला व बालकल्याणासाठी पाच टक्के, दिव्यांगांसाठी पाच टक्के असं राखून ठेवायचं बंधन महापालिकांना आहे. या पोरांसाठी असं काही नाही. म्हणून अंदाजपत्रकात वेगळं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं स्वतंत्र हेड उघडून मागा, सुरुवातीला टोकन तरतूद का असेना. एकदा हेड उघडलं की पुढच्या वर्षी त्यात वाढ मागता येते, दुसरीकडचा न खर्च झालेला पैसा तिकडे वळवता येतो. हेडच नसेल तर इच्छा असलेला अधिकारीसुद्धा हात वर करतो. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास देतात, म्हणजे तुमचं पत्र दिवाळीनंतर लगेच आत गेलं पाहिजे. मार्चमध्ये जाऊन रडण्यात अर्थ नाही.

अर्ज आत कसा घालायचा

एका अर्जात एकच मागणी. दवाखान्याची वैद्यकीय विभागाला, शाळेची शिक्षण विभागाला, निवाऱ्याची त्या विभागाच्या उपायुक्तांना, आणि प्रत्येकाची प्रत आयुक्तांना. सगळं एकाच पत्रात कोंबलं की ते पत्र सगळ्या विभागांत फिरतं आणि प्रत्येकजण "आमच्याशी संबंधित नाही" लिहून पुढे ढकलतो.

दोन प्रती न्या, एकीवर आवकचा शिक्का, नंबर, तारीख घ्या. माझं पहिलं पत्र एका कार्यालयात असंच गेलं, समोरच्या बाई इतक्या प्रेमाने म्हणाल्या "ठेवा ना ताई, साहेबांना देते" की मला पोच मागायला लाज वाटली. आठ महिन्यांनी कळलं असं काही पत्रच नाही. तेव्हापासून चहा पाजला तरी शिक्का घेतल्याशिवाय मी खुर्चीवरून उठत नाही. पंधरा-वीस दिवसांनी त्या नंबरसह परत जा, तेव्हाही काही नाही तर लोकशाही दिनात लावा, त्याचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो.

नगरसेवकाला भेटताना मागणी आणि कोणत्या विभागाचं काम आहे ते अर्ध्या पानात द्या. "विकृती" वगैरे कुणी म्हणालं तर वाद घालत बसू नका, ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टाने तेव्हाच्या दंडसंहितेच्या कलम ३७७ मधून सज्ञानांचे संमतीचे संबंध वगळलेत एवढं एकदा सांगा आणि परत केसपेपरवर या. शेजारच्या जळगाव जिल्ह्यात भादलीला तृतीयपंथी अंजली पाटील २०२१ मध्ये महिला जागेवरून ग्रामपंचायतीवर निवडून आल्या, अर्ज आधी बाद झाला होता, औरंगाबाद खंडपीठात जाऊन परत मिळवला. राजकारण्यांना कोर्टापेक्षा निवडून आल्याची गोष्ट लवकर समजते.

शेवटी एक उत्तर तुम्हाला येणार म्हणजे येणारच: "सदर विषयी शासन स्तरावरून मार्गदर्शन मागविण्यात आले आहे." हे वाचून घरी बसायचं नाही. शासनाला जे पत्र गेलं त्याचा जावक क्रमांक आणि तारीख द्या असं दुसरं पत्र त्याच आठवड्यात द्यायचं. बऱ्याचदा असं पत्र गेलेलंच नसतं, आणि तुम्ही नंबर मागितल्यावर ते घाईघाईने तयार होतं, त्यावर सही होते, आणि त्याची एक प्रत तुमच्या नावाने येते. ती फाईलला लावा आणि पहिल्या अर्जाचा आवक नंबर घेऊन परत त्याच टेबलावर जा.